तर्री वेगळी काढताना

पहिल्या दिवशी लॅबमधल्या पोराने मला परतच पाठवलं. “काका, चहा घेऊन आले का?” म्हणे. घेतला होता, दोन कप, साखर नेहमीसारखी. बारा तास पोटात पाण्याशिवाय काही नको, नाहीतर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढीव दिसतं, असं त्याने सांगितलं. हिंगणघाटचा एक फेरा वाया. दुसऱ्या दिवशी उपाशी गेलो, पाचशे रुपये मोजले आणि संध्याकाळी मुलीच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल २५२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८. चारही आकडे जाड ठशात. मुलगी डी. फार्म. करते. एरवी तोंड बंद न ठेवणारी पोरगी रिपोर्ट वाचून गप्प बसली, तेव्हाच मी काय ते समजलो.

ही जुलै २०२३ ची गोष्ट. मी तेव्हा ५१ चा होतो.

मी आचारी आहे. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट ते समुद्रपूर या पट्ट्यात साक्षगंध असो, लग्न असो की तेरवी, तीनशे पानांपर्यंतचा स्वयंपाक मी आणि माझी चार माणसं उचलतो. लोक ‘महाराज’ म्हणतात. ऑर्डर द्यायला आलेला माणूस भावाचं नंतर बोलतो, आधी सांगतो, “महाराज, तर्री लालभडक पायजे बरं.” बाहेरगावच्यांसाठी सांगतो, तर्री म्हणजे रस्सा मुरला की वर तरंगून येणारं तिखट-मसाल्याचं तेल. ते बोटभर दिसलं नाही तर आमच्याकडे माणूस समजतो, आचाऱ्याने तेल चोरलं.

तपासणीचं निघालं ते साळ्यामुळे. बायकोचा धाकटा भाऊ, वय ४६. जूनमध्ये सरकी टोबता टोबता धुऱ्यावर छाती धरून बसला. नागपूरला नेला, एक स्टेंट पडला, म्हणजे हृदयाची बुजलेली नस उघडी ठेवणारी बारीक जाळी. भेटायला गेलो तेव्हा त्याच्यासमोर दवाखान्याचं ताट होतं, वरण-भात आणि फिकी दुधी. माझ्याकडे पाहून म्हणतो, “भाऊजी, तुमच्या हातची आलू-वांग्याची भाजी आता सपनातच.” मी हसलो. बायको हसली नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “लोकायच्या पोरीच्या लग्नात तुमी जेवता. आपल्या पोरीच्या लग्नात भिताडावर हार घालून बसता का?”

साळ्याचं आणि माझं रक्त एक नाही, म्हणजे त्याचा आजार वारशाने माझ्याकडे यायचा प्रश्न नव्हता. पण पंचवीस वर्षं आम्ही एकाच पंगतीला शेजारी शेजारी जेवलो होतो, ते कसं विसरता?

डॉक्टरांना मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं, कोलेस्टेरॉलची गोळी नको. कारण विचारलं तर गावात जे बोलतात तेच बोललो, एकदा सुरू झाली की सुटत नाही. ते म्हणाले, “चष्माही सुटत नाही. म्हणून कोणी भिंतीला धडकत फिरतं का?” मग त्यांनी उलटतपासणी घेतली. शुगर? नाही. बीपी? त्या दिवशी १३४ वर ८६. आई-वडील, सख्खे भाऊ, कोणाला कमी वयात झटका? नाही. वजन ८४. तंबाखू? इथे मी बायकोकडे पाहिलं. खर्रा, दिवसाला चार पन्न्या. बायको म्हणाली, “सहा.”

डॉक्टर म्हणाले, “एलडीएल १९० च्या वर असतं, शुगर असती, किंवा तुमच्या साळ्यासारखं काही होऊन गेलं असतं, तर गोळीबद्दल मी तुमचं मतच विचारलं नसतं. तुमचं तसं नाही. तीन महिने देतो. खाण्यावर किती उतरतं ते पाहू. खर्रा मात्र आजपासून बंद, त्यात भाव करायचा नाही.”

मग त्यांनी रिपोर्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने गणित मांडलं. हे मला फार आवडलं. एलडीएल बहुतेक वेळा मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. एकूणातून एचडीएल वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करायचा. २५२ मधून ३६ गेले, ४८ गेले, उरले १६८. किराण्याचा हिशोब लावणाऱ्या माणसाला असं काही हातात दिलं की आजार जरा ओळखीचा वाटायला लागतो. तेव्हापासूनचे सगळे रिपोर्ट मी स्वतः वजाबाकी करून ताडून पाहतो.

एक समजूतही त्यांनी मोडली. मला वाटायचं, अंडं-मटण खाल्लं की त्यातलं कोलेस्टेरॉल सरळ रक्तात जातं. तर आपल्या अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. आणि रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायला त्याच यकृताला जणू गळ असतात. तूप, वनस्पती तूप (डालडा), पामतेल, खोबरं यांतली घट्ट चरबी, म्हणजे संपृक्त चरबी, जास्त झाली की हे गळ कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. मी मटण महिन्यातून दोनदा खाणारा. माझं दुखणं तेलाच्या डब्यात होतं.

घरी आल्यावर मुलीने कोठीतले सगळे डबे ओळीने मांडायला लावले. पामोलिनचे, म्हणजे पामतेलाचे, पंधरा किलोचे तीन, वनस्पतीचा एक, सरकीच्या तेलाचा अर्धा, घरापुरतं शेंगदाण्याचं. पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त. सरकीत साधारण पाव. शेंगदाण्यात त्याहून कमी. करडी आणि जवस सगळ्यात हलके, दहाव्या हिश्शाच्या आत-बाहेर. वनस्पतीत पूर्वी ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीची, मोठी भानगड होती. जानेवारी २०२२ पासून देशात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली, पण ट्रान्स कमी झालं म्हणून घट्ट चरबी कुठे जात नाही. आणि सगळ्यात वरचढ निघालं सुकं खोबरं. त्याच्या तेलात दहातले आठ-नऊ भाग संपृक्त. भाजलेलं खोबरं वाटूनच तर मी रस्स्याला दाटपणा आणतो. म्हणजे खाली खोबरं, वर पामतेलाची तर्री, आणि मधे वांगं बिचारं निर्दोष.

पामतेल आचारी का वापरतो, तेही सांगून टाकतो. स्वस्त पडतं, वास नसतो, आणि एका डब्यात तीन घाणे जास्त तळले तरी लवकर काळं पडत नाही. ऑर्डर ठरवताना पानामागे पाच रुपयांवरून ओढाताण करणाऱ्या यजमानाला शेंगदाणा तेलाचा भाव सांगून पाहा.

त्याच आठवड्यात एक तेरवी होती. मुलीने माझ्या मदतनिसाला एक वही दिली आणि महाराजांच्या तोंडात जे जाईल ते लिहायला सांगितलं. रात्री ती वही वाचली गेली. चहा सात कप. पुऱ्या चार, “तेल तापलं का पाहाले”. बुंदी मूठभर, तीन वेळा, “पाक बसला का पाहाले”. भात-तर्री दोनदा, “मीठ पाहाले”. भजी, संख्या नाही. आणि पंगत उठल्यावर जेवण. “बाबा, याला चाखणं म्हणते का?” मुलीने विचारलं. माझी आई कोपऱ्यातून म्हणाली, “त्याचा बाप बी असाच चाखे.”

डॉक्टरांकडे आहार सांगणारी एक मुलगी बसते. तिने चिठ्ठीवर बऱ्याच गोष्टी लिहिल्या, त्यात एक शब्द होता ‘जव’. मी दुकानातून दोन किलो जवस आणलं. पंधरा दिवस इमानदारीने खाल्लं. मग कळलं, तिने जव सांगितलं होतं, म्हणजे सातू. ती आधी हसली, मग म्हणाली, बिघडलं काही नाही, दोन्ही खा. जवात, ओट्समध्ये, डाळी-कडधान्यांत, इसबगोलात एक पाण्यात फुगणारा चोथा असतो. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्त बनवतं, पित्त आतड्यात उतरतं, आणि एरवी त्यातलं बरंचसं परत शोषलं जातं. हा चोथा त्याला धरून बाहेर घेऊन जातो. मग नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं. तेलकट कढईत कोंडा टाकून पुसणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं.

जवसाची तर माझ्या लहानपणी घरोघर ओळख होती. हरभऱ्याच्या वावराला कडेने जवस असायचं, पौष-माघात निळी फुलं यायची. आजी जवसाच्या तेलात फोडणी द्यायची. तो वास आवडणारा माणूस एक तर जन्मतो, नाहीतर कधीच होत नाही. मी दुसऱ्या जातीचा. पण चटणी जमली. कढई कोरडी, आच मंद. जवस टाकलं की आधी काहीच होत नाही, मग एक-एक दाणा तडतडतो आणि वास हळूहळू तिळाकडे झुकतो. त्याच वेळी उतरवायचं, मिनिटभर चुकलं की कडू. लाल मिरच्या, लसूण, जिरं, मीठ, आणि खलबत्ता. मिक्सरमध्ये फार बारीक केलं की तेल सुटून गोळा होतो. अख्खं जवस मात्र खाऊन उपयोग नाही, जसं गेलं तसंच बाहेर येतं. भाकरीवर दोन चमचे चटणी, वर पूर्वी मी कच्चं तेल ओतायचो. आता ताक घेतो.

बाकीचं जेवण थोडक्यात. सकाळचे तर्री-पोहे गेले, जवाची नाहीतर ज्वारीच्या कण्यांची पेज आली. दुपारी दोन भाकरी, बरबटी किंवा मूग किंवा हरभऱ्याची उसळ, आणि अंबाडी, कोहळं, धोपा जे मिळेल ते. भात मूठभर. चहा दोन कप, अर्धा चमचा साखर. ट्रायग्लिसराइड उतरलं ते मला वाटतं चहातली साखर कमी झाल्यानेच. रात्री इसबगोल दोन चमचे भरपूर पाण्यात, घटाघट. जरा रेंगाळलं की पेल्यात खळ तयार. घरात पाच माणसं, महिन्याला पाच लिटर तेल लागायचं, ते अडीचवर आलं. आईने आठ दिवस ‘बिमाराचं जेवण’ म्हणून नाव ठेवलं, मग तिलाच भाजीची चव लागायला लागली. वावरात मी गाडीऐवजी पायी जायला लागलो, अडीच किलोमीटर.

खर्रा सोडायला मात्र जे लागलं ते जवसाने भागणारं नव्हतं. अकरा दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. एका मदतनिसाला कांदा जाड कापला म्हणून घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी माफी मागून आणलं. खिशात भाजलेली सोप-ओव्याची पुडी ठेवायचो. बाराव्या दिवशी पानठेल्यावरून सरळ निघून गेलो आणि पुढच्या चौकात आठवलं की आपण थांबलो नाही.

आणि मग आला अधिक श्रावण. २०२३ ला १८ जुलैपासून होता. अधिक मासात जावयाला धोंड्याचं जेवण आणि ३३ अनारशांचं वाण. सासरवाडी म्हणजे साळ्याचंच घर. अंगणात तो स्टेंट घेऊन बसलेला, आत सासूबाई तुपात अनारसे तळत बसलेल्या. म्हटलं, “मामी, याच्या घरी हे?” त्या म्हणाल्या, “तो नाई खात ना. जावईबुवाले तर काई झालं नाई.” माझा रिपोर्ट बायकोने माहेरी सांगितला नव्हता. तीन अनारसे खाल्ले, खोटं कशाला बोलू. उरलेले तीस घरी आल्याबरोबर बायकोने आळीत वाटून टाकले, एक पोराला दिला आणि डबा घासून उलटा ठेवला.

ऑक्टोबरमध्ये नवरात्राच्या तोंडावर पुन्हा रक्त दिलं. २०८, एचडीएल ३९, ट्रायग्लिसराइड १६५. २०८ वजा ३९ वजा ३३, एलडीएल १३६. वजन ७९. डॉक्टर म्हणाले, नुसत्या खाण्याने एवढं उतरणं ही चांगली मजल, सगळ्यांचं इतकं उतरत नाही, चालू ठेवा. मी ते गावभर सांगत सुटलो. तिथे माझी चूक झाली.

दिवाळीत साळा भेटला तेव्हा खुशीत होता. गोळ्या बंद केल्या म्हणाला, महिना झाला. मोबाइलवर आलेला लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा घेत होता, त्याने ‘ब्लॉकेज खुलते’. वर म्हणतो, “तुमी जेवणावरच उतरवलं ना भाऊजी, मंग मी काहून केमिकल खाऊ?” माझ्या पोटात गोळा आला. मुलीने त्याला ओसरीवर बसवून जे सुनावलं ते मामाला भाचीने सुनावावं असं नव्हतं. स्टेंट बसलेल्या माणसाने रक्ताची गाठ न होऊ देणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटच बुजू शकतो. कोलेस्टेरॉलची गोळीही त्याच्यासाठी तपासणीतला आकडा सुधारायची नाही, पुढचा झटका टाळायची आहे. आणि केमिकल म्हणशील तर, ती म्हणाली, या जातीचं पहिलं औषध १९७० च्या दशकात अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाला तांदळावरच्या निळसर हिरव्या बुरशीत सापडलं. साळा म्हणाला, “तांदळाच्या?” त्याच्याकडे धानाचं वावर नाही, पण बुरशी त्याला चालली. दुसऱ्याच दिवशी नागपूरला फोन करून डॉक्टरांना विचारलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तेव्हापासून मला कोणी विचारलं, ‘कसं उतरवलं’, तर मी आधी विचारतो, तुला झटका येऊन गेला का, शुगर आहे का. हो म्हणाला की माझ्या ताटाची गोष्ट सांगतच नाही.

तुळशीचं लग्न लागलं आणि माझा सीझन सुरू झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कधी कधी दिवसाला दोन ऑर्डरी. पहाटे तीनला भट्टी पेटते, त्या वेळी जवाची पेज कोण करतो? डबा नेला तर यजमान रागावतो, “महाराज आपल्याच हातचं खात नाई म्हणजे काय टाकलं असंन?” फेब्रुवारीच्या शेवटी रक्त दिलं. एकूण २२४, एलडीएल १४८. वजन परत ८१. डॉक्टर काही बोलले नाहीत, पेन्सिल माझ्याकडे सरकवली. वजाबाकी मीच केली.

तेव्हा ठरवलं, स्वतःचं ताट बदलून भागत नाही, गंजच, म्हणजे रस्स्याचं मोठं पातेलंच, बदलावं लागेल. पहिला प्रयोग तोंडावर पडला. साठ पानांचं बारसं होतं. रस्स्यातलं खोबरं काढून त्याजागी जवसाची पूड घातली, किलोभर. जवसाला पाणी लागलं की ते चिकट सोडतं, हे घरच्या चटणीत कधी कळलं नव्हतं. अर्ध्या तासात रस्सा वगराळ्याला तार धरून यायला लागला. एक म्हातारा पानावरून ओरडला, “महाराज, भेंडी हाय का वांगं?” यजमानाने पाचशे कापले आणि मी हूं की चूं केलं नाही. आता तीळ आणि शेंगदाणे भाजून वाटतो, खोबरं नावापुरतं, आणि जवस खरपूस भाजून गंजामागे एकच मूठ, तेही उतरवायच्या आधी. चव बदलली हे कबूल. काहींना जास्त आवडते.

तर्रीचं असं केलं. रस्सा उतरवून तासभर झाकून ठेवायचा. तेल सगळं वर येतं. ते वगराळ्याने अलगद काढून वेगळ्या बादलीत. पंगतीत वाढपी दोन, एक रस्सा घेऊन फिरणार, दुसरा मागून “तर्री कोणाले?” म्हणत. पहिल्या लग्नात नवरीचा काका माझ्या अंगावर धावून आला, गंजात तर्री दिसत नाही म्हणून. त्याला बादली दाखवली. पंगत उठली तेव्हा बादलीत अर्ध्याहून जास्त तर्री शिल्लक होती. म्हणजे इतकी वर्षं लोक जेवढी मागत होते त्याच्या दुप्पट मी त्यांच्या पोटात घालत होतो. तीनशे पानांना सात किलो तेल जायचं, आता पाचात होतं. वाचलेल्या पैशात पामोलिनच्या जागी सरकीचं तेल बसतं. भज्यांसाठी अजून पामच वापरतो, तिथे माझी हिंमत झालेली नाही.

जुलै २०२४ चा रिपोर्ट असा, १९७, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १५०, एलडीएल १२६. वजन ७७. यात सगळी करामत माझी नाही. त्या वर्षी मे-जूनमध्ये लग्नाचे मुहूर्त फार कमी होते, धंदा मेला आणि पथ्य जगलं. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. ते म्हणाले, गोळी आजही लिहीत नाही, वर्षाला तपासत राहा, आणि पंचावन्न लागलं की नव्याने बसू, तेव्हा लिहिली तर भांडायचं नाही. मी बरं म्हटलं.

परवा साळ्याच्या चुलत पुतणीचं साक्षगंध होतं, स्वयंपाक माझाच. साळा पंगतीत बसला. रस्सा वाढून झाला, मागून तर्रीची बादली आली. वाढपी पोरगा त्याच्या पानाशी थांबला आणि माझ्याकडे पाहायला लागला. साळ्याने वाटीवर हात आडवा धरला. मग दोन बोटांमध्ये एवढीशी फट ठेवली.